शिक्षकांचे शिक्षक : बाळशास्त्री जांभेकर

६ जानेवारी आली की वर्तमानपत्रांत बाळशास्त्री जांभेकरांचे पगडी घातलेले चित्र छापून येते. पत्रकारांचे सत्कार होतात, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी ते चित्र पुढल्या वर्षापर्यंत कपाटात जाते. १८३२ साली याच दिवशी त्यांनी ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र सुरू केले, एवढी माहिती आपणां सर्वांना शाळेपासून असते. मलाही तेवढीच होती. परंतु ज्या माणसाला आपण आद्य पत्रकार म्हणतो, त्याच्या आयुष्यातला फार मोठा भाग शाळा, शिक्षक, गणित आणि विज्ञान यांत गेला, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. आज त्याच बाळशास्त्र्यांची ओळख करून द्यावी असे मनात आहे.

त्याला एक कारण आहे. मी मूळची पेडणे तालुक्यातल्या हळर्णची. शापोरा नदीच्या काठचे हे गाव तिथल्या किल्ल्यामुळे थोडेफार ओळखले जाते. महाराष्ट्राची हद्द आमच्याहून फार लांब नाही; माझे माध्यमिक शिक्षण हद्दीपलीकडच्या एका मराठी शाळेत झाले. मी आठवीत गेले त्या वर्षी विज्ञानाचे पुस्तक बदलले. जूनमध्ये कोरी करकरीत पुस्तके आमच्या हातात पडली. आमचे विज्ञानाचे सर मात्र पहिल्या दिवशी वर्गात आले ते जुनेच पुस्तक घेऊन. नवे पुस्तक त्यांनी एका मुलाकडून मागून घेतले, संध्याकाळी घरी नेले आणि सकाळी परत आणून दिले. असे पुष्कळ दिवस चालले. एखादा प्रयोग नव्याने आलेला असला, की सर मोकळेपणाने सांगत की तो त्यांनीही आदल्या रात्रीच वाचला आहे आणि आता आपण सर्व मिळून तो करून पाहायचा आहे. त्या वेळी आम्हांला त्याची गंमत वाटे. आता कळते की नवे पुस्तक मुलांपर्यंत पोहोचले होते. शिक्षकापर्यंत पोहोचायचे मात्र राहून गेले होते.

आज पुन्हा सगळीकडे अभ्यासक्रम बदलत आहेत. २०२० साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, २०२३ साली शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि २०२४ साली सहावीचे विज्ञानाचे नवे राष्ट्रीय पाठ्यपुस्तक निघाले. पाठांतराऐवजी कृतीतून आणि कुतूहलातून विज्ञान शिकवावे, मुलाला काय येते ते पाहावे, असा या बदलांचा रोख आहे. तो चांगलाच आहे. पण हे सारे फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती कसे पोहोचवायचे, हा प्रश्न आठवीतल्या त्या आठवणीमुळे माझ्या मनातून जात नाही. आणि वाचनालयात चाळता चाळता मला आढळले की हाच प्रश्न सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी आमच्याच कोकणातल्या एका तरुणाने आपला मानला होता.

बाळशास्त्र्यांचा जन्म १८१२ साली देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ले या गावी झाला. आमच्या पेडण्याहून सावंतवाडी, कुडाळ, कणकवली ओलांडली की हा भाग लागतो. माती तीच, काजू-आंब्याची झाडे तीच, पाऊसही तोच. आमचा पेडणे महाल मात्र १७८८ सालीच पोर्तुगीजांकडे गेला होता, आणि बाळशास्त्री सहा वर्षांचे असताना, १८१८ मध्ये, पेशवाई संपून पोंभुर्ल्याकडे इंग्रजी अंमल आला. एकाच कोकणपट्टीतल्या मुलांच्या नशिबी अशी दोन वेगवेगळी राज्ये आली.

त्यांचे वडील गंगाधरशास्त्री हे विद्वान पुराणिक. आईचे नाव सगुणाबाई. पहिले शिक्षण घरीच, वडिलांपाशी झाले. मराठी आणि संस्कृत यांचा पाया तिथेच घातला गेला. त्या काळी गावोगावी ज्या शाळा होत्या, त्या पंतोजींच्या. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मोडीचे वळण बसवायचे, पाढे आणि पावकी-निमकी पाठ करायची, की शिक्षण पुरे झाले. हिशेब ठेवण्यापुरते ते उत्तम होते आणि वाणिज्याची विद्यार्थिनी म्हणून त्या तोंडी हिशेबाबद्दल मला आदरच आहे. परंतु छापील पुस्तक नावाची वस्तू त्या शाळेत नव्हती. पृथ्वी, वारा, पाणी, उष्णता, ग्रहण, आपले शरीर यांविषयी शाळेत काही शिकवायचे असते, ही कल्पनाही नव्हती.

ती कल्पना मुंबईत मूळ धरू लागली होती. १८२२ साली तेथे शाळा काढण्यासाठी व देशी भाषांत शालेय पुस्तके तयार करण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला आश्रय होता. पुढे १८२७ मध्ये ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे लष्करी इंजिनियर तिच्या कामात होते. त्यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने गणिताची इंग्रजी पुस्तके मराठीत आणली. नव्या पद्धतीने तयार केलेले पंतोजी १८२६ पासून जिल्ह्यांत पाठवले जाऊ लागले. या मंडळींचे मराठीकडचे काम सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे पाहत. मुलांसाठी ‘बाळमित्र’ लिहिणारे ते हेच.

याच छत्र्यांच्या छायेत पोंभुर्ल्याचा हा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा शिकण्यासाठी मुंबईत आला. इंग्रजी तो येथेच शिकला आणि थोड्याच काळात त्याने ती भाषा आपलीशी केली. गणितात तर त्याची गती अशी, की शिकत असतानाच तो इतरांना शिकवू लागला. १८३० साली बापू छत्रे वारले. सोसायटीच्या कामात बाळशास्त्र्यांना आधी दुय्यम म्हणून घेण्यात आले होते. १८३२ मध्ये छत्र्यांची जागा, म्हणजे नेटिव्ह सेक्रेटरीचे पद, त्यांच्याकडे आले. वय वर्षे वीस! शाळांसाठी कोणती पुस्तके लागतात, ती कोणाकडून लिहवून घ्यायची, ती नीट उतरली आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम या वीस वर्षांच्या तरुणावर होते. आपल्या भाषेत सांगायचे तर अभ्यासक्रम मंडळ आणि पाठ्यपुस्तक मंडळ या दोन्हींचा कारभार त्याने एकट्याने हाकावा, अशी ती जबाबदारी होती. मीही आज वीस वर्षांचीच आहे. सत्र परीक्षेचा अर्ज मुदतीत भरला तरी आपल्याला हायसे वाटते. त्यामुळे हा आकडा वाचून मी क्षणभर पुस्तक मिटून ठेवले.

त्याच १८३२ साली ‘दर्पण’ निघाले. त्याची कथा सर्वश्रुत असल्यामुळे येथे विस्ताराने सांगत नाही. एवढेच लक्षात घ्यावे की त्या पत्रात एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी असा मजकूर असे. राज्यकर्त्यांना लोकांचे म्हणणे कळावे आणि लोकांना जगातील नवी विद्या कळावी, असा त्यात दुहेरी हेतू होता. दोन भाषा शेजारी शेजारी ठेवण्याची ही सवय त्यांना जन्मभर राहिली. आपल्या या वार्षिक अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असतात; माझ्या घरी वडिलांकडून मराठी आणि आईकडून कन्नड आलेले आहे. म्हणून की काय, ‘दर्पणा’चे ते दोन स्तंभ मला फार जवळचे वाटतात. बाळशास्त्र्यांना मराठी, संस्कृत आणि इंग्रजीखेरीज गुजराती, बंगाली, फारसी अशा बऱ्याच भाषा येत आणि त्यांत कन्नडही होती, हे आपल्या दोन्ही विभागांच्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

मध्यंतरी अक्कलकोटच्या राजपुत्राचे शिक्षक म्हणून काही काळ काम करून ते मुंबईस परतले. एल्फिन्स्टन १८२७ साली गव्हर्नरपदावरून गेले, तेव्हा मुंबईच्या लोकांनी त्यांच्या स्मरणार्थ निधी जमवला होता. त्यातून इंग्लंडहून प्राध्यापक आणून वरच्या दर्जाचे शिक्षण सुरू करावे असे ठरले होते. या एल्फिन्स्टन संस्थेत १८३४ साली बाळशास्त्री साहाय्यक प्राध्यापक झाले. त्या पदावर नेमले गेलेले ते पहिले भारतीय. गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणारे ऑर्लेबार हे त्यांचे सहकारी. मुंबईतील कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही काही काळ बाळशास्त्र्यांनी पाहिले. आकाशातील ग्रहताऱ्यांवर त्यांनी मुलांसाठी लिहिले ते केवळ पुस्तकांवरून लिहिले नाही. दुर्बिणीपाशी बसण्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता.

शिक्षकाची खरी परीक्षा त्याच्या विद्यार्थ्यांत होते असे म्हणतात. त्या परीक्षेत बाळशास्त्री किती वर आहेत ते पाहा. दादाभाई नवरोजी त्यांच्या हाताखाली शिकले. पुढे ते त्याच संस्थेत गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले, आणि राजकारणातले दादाभाई तर साऱ्या देशाचेच झाले. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांना गणिताची आणि ज्योतिषाची गोडी लागली ती बाळशास्त्री आणि ऑर्लेबार यांच्या सहवासात. केरूनानांनी पुढे शाळांसाठी अंकगणिताचे आणि पदार्थविज्ञानाचे पुस्तक लिहिले. पिढ्यान् पिढ्या मराठी मुले त्यांवर शिकली. पुण्यात याच केरूनानांपाशी लोकमान्य टिळक गणित शिकले. आणि आमच्या पेडणे महालाशी मूळ नाते असलेले डॉक्टर भाऊ दाजी लाड हेही बाळशास्त्री अध्यापक असतानाच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि तेथेच काही काळ त्यांनी शिकवलेही. नंतर ते ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक झाले आणि पुढे मुंबईचे नगरपाल झाले. बापू छत्र्यांनी लावलेला दिवा बाळशास्त्र्यांनी पुढे नेला, त्यावरून केरूनानांचा लागला आणि त्यावरून टिळकांचा. हे सारे घडले शाळेच्या वर्गांतच.

आता त्यांच्या पुस्तकांकडे वळू. त्यांनी शाळेसाठी व्याकरण लिहिले, नीतिकथा लिहिल्या, इंग्लंडचा आणि हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, भूगोलविद्येवर लिहिले. पण माझ्यासारखीला चकित करणारे त्यांचे पुस्तक म्हणजे ‘शून्यलब्धि’. नाव ऐकून काहीतरी वेदान्ताचा ग्रंथ असावा असे वाटते. तो आहे गणिताचा. आपण ज्याला डिफरन्शियल कॅल्क्युलस म्हणतो, त्या विषयावरचा!

येथे थोडे विषयांतर करते, कारण याच शब्दामुळे मी बाळशास्त्र्यांकडे ओढली गेले. प्रथम वर्षाला व्यावसायिक गणितात सीमांत खर्च हा भाग येतो. सर इंग्रजीत सूत्र लिहीत, मी ते वहीत उतरवी, उत्तरही बरोबर येई. पण आपण काय केले ते मला सांगता येत नसे. मग वाचनालयात हा शब्द भेटला आणि मी माझ्यापुरते एक उदाहरण मांडून पाहिले. समजा, आमच्याकडे काजूगर फोडण्याचा एक छोटा कारखाना आहे आणि जितके किलो माल काढावा त्याच्या वर्गाइतके रुपये खर्च येतो. दहा किलोला शंभर रुपये, अकरा किलोला एकशे एकवीस. म्हणजे पुढच्या एका किलोला एकवीस रुपये लागले. आता पूर्ण किलो न वाढवता दहावा हिस्सा वाढवू. १०.१ चा वर्ग १०२.०१, वाढलेला खर्च २.०१ रुपये, किलोच्या हिशेबाने २०.१. आणखी कमी करून शंभरावा हिस्सा वाढवला तर किलोच्या हिशेबाने २०.०१ येतात. वाढ जसजशी शून्याकडे न्यावी तसतसे उत्तर वीसच्या जवळ जवळ सरकते. वाढ शून्यापाशी पोहोचताना जे हाती लागते, ती शून्यलब्धी. निदान मला तरी त्या नावाचा अर्थ असा लागला. एका शब्दात त्यांनी सारी क्रिया बसवली होती. पुढे हा शब्द मागे पडला आणि पाठ्यपुस्तकांत कलन, अवकलन हे शब्द रूढ झाले. त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही; शब्द बदलतातच. पण मराठीत तोवर जो विचारच नव्हता, त्याला मराठी नाव देण्याची हिंमत कोणीतरी प्रथम करावी लागते. ती त्यांनी केली.

पुस्तके झाली, पण पुस्तक मुंबईत छापले जाई आणि शिक्षक असे कोठेतरी घाटाखाली किंवा घाटावर. त्याच्याकडे नवी माहिती पोहोचावी कशी? रेल्वे नव्हती, ती आली १८५३ साली. मे १८४० मध्ये बाळशास्त्र्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. मराठीतले हे पहिले मासिक. ‘दर्पण’ त्याच वर्षी बंद झाले होते. ‘दिग्दर्शना’त भूगोल, इतिहास, गणित, ज्योतिष, पदार्थविज्ञान, रसायन अशा विषयांवरचे लेख येत, समजण्यास सोपे जावे म्हणून नकाशे व आकृत्याही दिलेल्या असत. तरुण विद्यार्थ्यांसाठी ते होते, परंतु मला वाटते की त्या काळच्या शिक्षकालाही त्याचा तितकाच उपयोग झाला असेल. कारण ज्याला वर्गात चंद्रग्रहण समजावून सांगायचे आहे, त्याला आकृतीसह मराठीत लिहिलेला एक लेख मिळणे म्हणजे केवढा आधार! आज आपण शिक्षक हस्तपुस्तिका म्हणतो, मोबाईलवर ‘दीक्षा’सारख्या मंचावर शिक्षकासाठी पाठ आणि चित्रफिती शोधतो. ‘दिग्दर्शन’ हे त्या साऱ्यांचे पूर्वज म्हणावे लागेल. जवळजवळ पाच वर्षे बाळशास्त्र्यांनी ते चालवले.

१८४० मध्येच सोसायटीचे काम सरकारने नेमलेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे आले. मुंबई इलाख्यात मराठी, गुजराती आणि कन्नड बोलणारे मुलूख एकत्र होते; या तिन्ही भाषांतल्या शाळा बोर्डाखाली होत्या. बाळशास्त्र्यांनी शाळा तपासनीस म्हणूनही काम केले. पुस्तक लिहिणे वेगळे आणि ते वर्गात कसे शिकवले जाते ते पाहणे वेगळे. ज्याने पुस्तक लिहिले, त्याच माणसाला पंतोजींच्या शाळेत बसून ते पाहण्याची संधी मिळावी, हे फार क्वचित घडते.

आणि त्यानंतर त्यांच्या आयुष्यातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम सुरू झाले. १८४५ साली बोर्डाने शिक्षक तयार करण्यासाठी नॉर्मल क्लास उघडला आणि त्याचे संचालक म्हणून बाळशास्त्र्यांना नेमले. आपल्या अध्यापक विद्यालयांचा हा मूळ झरा. पुस्तके तयार झाली, मासिक निघाले, तरी शिकवणाऱ्याची स्वतःची तयारी झाल्याशिवाय विद्या मुलापर्यंत पोहोचत नाही, हे आता सरकारलाही पटले होते. त्या वर्गाचे काम पाहण्यास बाळशास्त्र्यांहून योग्य माणूस त्या वेळी मुंबईत मिळाला नसता. त्यांनी स्वतः पंतोजींचा काळ पाहिला होता, नव्या शाळेत ते शिकले होते, प्राध्यापक झाले होते, पुस्तककर्ते झाले होते आणि तपासनीसही झाले होते.

दुर्दैवाने हे काम त्यांना फार दिवस करता आले नाही. मे १८४६ मध्ये अल्पशा आजाराने मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे चौतीस. इतक्या थोड्या आयुष्यात त्यांनी कोकणातील शिलालेख व ताम्रपट वाचून त्यांवर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात निबंध लिहिले. ज्ञानेश्वरीची मुद्रित प्रत १८४५ साली प्रसिद्ध केली. मिशनऱ्यांकडे गेलेल्या एका लहान मुलाला परत आणून आपल्या समाजात घेण्यासाठी त्यांनी १८४३ साली सनातन्यांचा रोषही पत्करला. एका माणसाने हे सारे कसे केले, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

त्यांच्या निधनानंतर लगेचच शिक्षणाच्या माध्यमाचा मोठा वाद पेटला. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत इंग्रजीकडे झुकले होते. वरची विद्या इंग्रजीतूनच द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. याउलट कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट हे देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. लोकांच्या भाषेतूनच विद्या लोकांपर्यंत जाईल, असे त्यांचे म्हणणे. दोन-तीन वर्षे हा वाद चालला आणि १८४८ च्या सुमारास तडजोड होऊन शमला. बाळशास्त्री तेव्हा असते तर त्यांनी कोणाची बाजू घेतली असती? त्यांच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्यांच्या कामाकडे पाहिले तर असे दिसते की त्यांनी इंग्रजीला कधी परके मानले नाही आणि मराठीला कधी अपुरी मानले नाही. इंग्रजीतून विद्या घ्यावी, ती स्वतः पचवावी आणि मराठीत मांडावी, असे ते करीत राहिले. मराठीत शास्त्र सांगता येईल का, यावर त्यांनी वाद घातला असेल-नसेल. त्यांनी ते सांगून दाखवले, हे मात्र खरे.

वाचकहो, या चरित्रातून आज आपण काय घ्यावे? १८२२ पासून १८४५ पर्यंतचा क्रम पाहिला तर अभ्यासक्रम बदलण्याच्या तीन पायऱ्या दिसतात. पहिली, मुलाच्या भाषेत चांगले पुस्तक. दुसरी, शिक्षकाला सतत नवे खाद्य देणारे साधन; त्या काळी ते ‘दिग्दर्शन’ होते. तिसरी, शिक्षकाचे स्वतःचे शिक्षण. या तीन पायऱ्या चढायला त्या मंडळींना तेवीस वर्षे लागली, आणि तिसरी पायरी सर्वांत शेवटी आली. खेदाची गोष्ट अशी, की आजही ती पुष्कळदा शेवटीच येते. आधी धोरण, मग आराखडा, मग पुस्तक, आणि वर्ग सुरू झाल्यावर शिक्षकाचे प्रशिक्षण. माझ्या आठवीच्या सरांनी मुलाचे पुस्तक रात्रीपुरते मागून नेले, ते त्यामुळेच. त्यांच्याजागी कमी कष्टाळू माणूस असता तर आमचे ते वर्ष वायाच गेले असते.

भाषेचा प्रश्नही संपलेला नाही. गोव्यात पुष्कळ मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठीत किंवा कोकणीत होते आणि पुढे विज्ञान एकदम इंग्रजीत येते. बाष्पीभवन हा शब्द नुकता कोठे जिभेवर बसलेला असतो, तोच त्याच गोष्टीचे दुसरे नाव पाठ करावे लागते. पुष्कळ मुलांना वाटते की विज्ञान कठीण आहे. वस्तुतः कठीण असतो तो हा मधला पूल. कर्नाटकातील कन्नड माध्यमाच्या मुलांचीही हीच कथा आहे, असे माझ्या वर्गमैत्रिणी सांगतात. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भारतीय भाषांतली पुस्तके शाळा-महाविद्यालयांना डिजिटल स्वरूपात देण्याची योजना जाहीर झाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु यंत्राने केलेले भाषांतर आणि शून्यलब्धीसारखा विचार करून घडवलेला शब्द यांत अंतर आहे. ते अंतर माणसांनीच भरून काढायचे आहे, आणि दोन भाषा येणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी त्यात हात लावला तर काय बिघडेल?

म्हणून या वर्षी मी आणि कन्नड माध्यमातून आलेली माझी एक मैत्रीण, अशा दोघींनी मिळून एक छोटासा उद्योग केला. सीमांत खर्चाचा तो धडा आम्ही प्रथम वर्षाच्या मुलांसाठी लिहून काढला. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड, खाली इंग्रजी सूत्र. उदाहरण अर्थात काजूगराचेच. लिहिताना आमचे दोन दिवस एकाच वाक्यावर गेले, कारण जे आपल्याला पुरते कळलेले नसते ते आपल्या भाषेत लिहिताच येत नाही. वही पुरी झाल्यावर ती आम्ही आमच्या गणिताच्या सरांना दाखवली. त्यांनी दोन चुका दुरुस्त केल्या आणि पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी आपल्याकडे ठेवून घेतली. काम फार लहान आहे. पण पोंभुर्ल्याच्या त्या माणसाने कोणत्या प्रकारचे कष्ट घेतले असतील, याची पुसटशी कल्पना मला त्यातून आली.

पोंभुर्ल्याला बाळशास्त्र्यांचे स्मारक आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हळर्णला गेले की तेथवर जाऊन यायचे असे मी ठरवले आहे. जाताना माझ्या त्या विज्ञानाच्या सरांनाही विचारणार आहे. ते आता निवृत्त झाले आहेत आणि त्यांना वेळ असतो. आद्य पत्रकाराला अभिवादन करणारे पुष्कळ आहेत. शिक्षकांच्या या शिक्षकाला अभिवादन करायला एका शिक्षकाबरोबरच जावे, असे मला वाटते.